पावणेपाचची नोंद

कवळीबाईंना कुणी हसून नमस्कार केला की त्या आधी त्याचे दात बघायच्या आणि मग चेहरा. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवण्यात पस्तीस वर्षं गेल्यावर दुसरं काय होणार? ‘पुढचे दोन बसवलेले आहेत, आणि तेही घाईघाईत,’ असं मनाशी म्हणून झालं की मग त्या माणसाची खुशाली विचारायच्या. तोंडावर त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. कवळी जोडली जायची ती बाईंची पाठ फिरल्यावर. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. कवळी म्हणजे निदान मापाची वस्तू, असं त्या म्हणत.

कोणीही लिहावं आणि कोणीही दुरुस्त करावं अशा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाचा नाद त्यांना नोकरीत असतानाच लागला. साच्यात प्लॅस्टर ओतलं की ते घट्ट व्हायला वीस मिनिटं लागतात. बाकीचे त्या वीस मिनिटांत चहा पीत, नाहीतर साहेबांच्या नावानं बोटं मोडत. बाई प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून ज्ञानकोशात लिहीत. सुरुवातीला त्यांनी ‘दंतकथा’ असं टोपणनाव घेतलं होतं. दोन महिन्यांत एका जुन्या संपादकानं टोमणा मारला, की ज्ञानकोशात आम्हाला दंतकथा नकोत. बाईंना तो झोंबला. त्यांनी ते खातं तिथंच टाकून दिलं आणि ‘पक्का साचा’ या नावानं नवं उघडलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत पक्क्या साच्यानं सतरा हजार बदल केले, आणि त्यातले निम्मे तरी दुसऱ्यांचं लिहिलेलं पुसण्याचे.

होय, पुसण्याचे. बाईंचा नियम एकच. वाक्याला संदर्भ दाखवा, नाहीतर वाक्य गेलं. घरी यजमान म्हणायचे, “हिला कुणी ‘आज सोमवार आहे’ म्हटलं तरी ही विचारेल, कुठल्या पुस्तकात?” यजमान जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते आणि दिवसभर शब्दकोडी सोडवत. माणूस शांत होता. सतरा हजार बदलांच्या शेजारी राहायचं तर शांतच असावं लागतं.

तर एका आठवड्यात ज्ञानकोशातल्या ‘जुनी पाण्याची टाकी’ या लेखाशी कुणीतरी खेळायला लागलं. टाकी गावातलीच, पन्नास वर्षांपूर्वी फुटलेली. पहाटे फुटली, दोन गल्ल्यांतून कमरेएवढं पाणी गेलं, बेकरीतलं पीठ रस्ताभर मळलं गेलं, आणि नशीब असं की जीव कुणाचाच गेला नाही. लेखात एक वाक्य होतं: ‘रात्रपाळीचा व्हॉल्व्हमन झोपी गेल्यामुळे टाकी ओसंडली आणि तिची भिंत फुटली.’ शेवटी संदर्भाचा छोटा आकडा होता, आणि त्या आकड्याखाली इथल्याच एका साप्ताहिकातला जुना लेख. सगळं कसं रीतसर. पण ‘गणवेश६२’ नावाच्या कुणीतरी हे वाक्य काढून टाकलं. बाईंनी ते परत लावलं आणि शेरा मारला: ‘संदर्भ असलेला मजकूर काढू नये.’ दुसऱ्या दिवशी वाक्य पुन्हा गेलं, बाईंनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा गणवेशानं वाक्य काढलं नाही. त्याच्यापुढे, भर लेखात लिहिलं: ‘हे खोटं आहे. ते जागे होते.’

बाईंनी तेही पुसलं. पण ‘ते’ हा शब्द त्यांच्या डोक्यात राहिला. व्हॉल्व्हमनला ‘ते’ कोण म्हणतं? त्यांनी गणवेशाच्या चर्चापानावर, म्हणजे खात्याला जोडलेल्या निरोपांच्या पानावर, निरोप टाकला, की शनिवारी सकाळी दहाला वाचनालयात नवीन लोकांना ज्ञानकोश शिकवते, तुम्ही या.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन कॉम्प्युटर होते, एक खिडकी होती आणि करकरणाऱ्या सहा खुर्च्या होत्या. ग्रंथपालांनी ती खोली शनिवारपुरती बाईंना दिली होती. शिकायला कधी दोघं यायचे, कधी कुणीच नाही. त्या शनिवारी एकच बाई आली. अंगावर जागोजागी दोऱ्याचे तुकडे, हातात कापडी पिशवी, बोटाला सुईनं पडलेला काळा ठिपका. दात स्वतःचे होते आणि चांगले होते.

“तुम्हीच का पक्का साचा?” तिनं दारातूनच विचारलं.

“हो. आणि तुम्ही गणवेश बासष्ट.”

“बासष्ट माझं वय. शाळांचे गणवेश शिवते मी, चाळीस वर्षं.” ती बसली नाही. “तुम्ही ते वाक्य तीनदा परत लावलंत.”

“त्याला संदर्भ होता.”

“ते खोटं आहे.”

“कशावरून?”

“तो व्हॉल्व्हमन माझा बाप होता.”

कवळीबाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर निदान ‘अरेरे’ म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, “मग तर तुम्ही त्या लेखाला हातच लावायचा नाही. आपल्या माणसाबद्दल आपण लिहायचं नाही, हा इथला नियम आहे. आणि वडिलांनी घरी सांगितलं हा काही संदर्भ होत नाही.”

“असं? मग साप्ताहिकवाल्यानं सांगितलं की होतो?”

“छापलं की होतो.”

गणवेशवाल्या ताई आता बसल्या. रागानं नाही, दमून. मग हळूहळू सांगायला लागल्या. वडील जिवंत होते तोवर लोक पाठीमागे कुजबुजायचे, टाकीवाला झोपला होता म्हणून. वडिलांनी कधी भांडण केलं नाही. एवढंच म्हणायचे, मी जागा होतो. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. “जिवंत होते तेव्हा नुसती कुजबुज होती हो. गेल्यावर छापून आलं.” आणि गेल्या महिन्यात नातीनं शाळेत ‘आपला परिसर’ म्हणून टाकीची माहिती वाचून दाखवली. ज्ञानकोशातून उतरवलेली, त्या वाक्यासकट. वर्ग हसला. नात घरी येऊन म्हणाली, आजी, तो माणूस किती वेडा गं, टाकी भरायला लावून झोपला! आपल्या पणजोबांबद्दल बोलतोय हे त्या पोरीला कुठे ठाऊक? ताईंनी तेव्हा नातीला काही सांगितलं नाही. “काय सांगणार? पुरावा दाखव म्हणाली असती. आजकाल पोरं पुरावा मागतात. तुमच्यासारखीच.”

बाईंनी चष्मा पुसला. मऊ पडल्या की त्या चष्मा पुसत, हे यजमान सोडून कुणाला माहीत नव्हतं. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “मला सहा शनिवार द्या. आधी हे सगळं कसं चालतं ते शिका. मग ते वाक्य कुठून आलं ते आपण दोघी मिळून शोधू. सापडलं तर सापडलं. पण खोटं वचन देणार नाही.”

ताई आल्या. सहाही शनिवार आल्या, दहाला पाच मिनिटं कमी असताना.

शिकवणं काही सोपं गेलं नाही, ना एकीला ना दुसरीला. नव्या माणसाला सराव करायला ज्ञानकोशात एक कोरी जागा मिळते, तिला धूळपाटी म्हणतात. ताईंनी धूळपाटीवर पहिला लेख लिहायला घेतला तो काजावर. शर्टाच्या बटणाला लागतं ते काज. चाळीस वर्षांत लाखभर काजं केलेली बाई ती. पहिलंच वाक्य लिहिलं: ‘हातानं केलेलं काज सगळ्यात सुंदर दिसतं.’

“सुंदर कुणाच्या मते?” बाईंनी विचारलं.

“माझ्या.”

“तुम्ही पुस्तक आहात का?”

“नाही. पण पुस्तकाला काज करता येतं का?”

बाईंना हसू आवरेना. तरी वाक्य गेलं ते गेलंच. पुढच्या शनिवारी ताई शिवणकामाची तीन जुनी पुस्तकं घेऊन आल्या, आणि काजाचे चार प्रकार पानांच्या आकड्यांसकट लिहिले. लेख इतका नेटका झाला की तो धूळपाटीवरून खऱ्या ज्ञानकोशात गेला. फक्त ताईंनी त्याच्या शेवटी स्वतःची सही ठोकली. चर्चापानावर काही लिहिलं की खाली सही करायची असते, असं बाईंनी शिकवलं होतं. लेखाखाली करायची नसते, हे सांगायचं राहून गेलं होतं. अर्ध्या तासात परगावच्या एका संपादकानं ती सही काढली आणि शेरा मारला: ‘लेख छान. सही नको.’ ताई दिवसभर तो शेरा उघडून बघत होत्या. चाळीस वर्षांत कुठल्या शाळेनं ‘गणवेश छान’ असं लिहून दिलं नव्हतं.

सातव्या शनिवारी बाईंनी टाकीचा लेख उघडला आणि ‘इतिहास’ हे बटण दाखवलं. ज्ञानकोशातलं कुठलंही पान मागे मागे नेता येतं. कुणी, कधी, कुठला शब्द घातला नि कुठला काढला, सगळं दिसतं. ताईंना हे चटकन कळलं. “म्हणजे उसवायचं,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या टाक्यापासून सुरू करायचं आणि मागे जायचं.” त्यांनी माऊस हातात घेतला आणि एकेक बदल उसवत निघाल्या. त्यांचे स्वतःचे चार बदल गेले. बाईंचे गेले. मग कुणी चित्र घातलं होतं ते गेलं. मग आठ वर्षांपूर्वी कुणीतरी वाक्याला साप्ताहिकाचा संदर्भ जोडला होता, तोही गेला. वाक्य मात्र तसंच होतं, संदर्भाविना. ताई आणखी मागे गेल्या. आणि एका टाक्याला वाक्यच गेलं.

“हा बघा, सापडला!” ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “अकरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी महिना. नाव काय? दंतकथा.”

कवळीबाईंनी खुर्ची पुढे ओढून ते नाव पुन्हा वाचलं.

“दंतकथा!” ताई म्हणत होत्या. “घ्या! नाव तरी खरं लावलंय मेल्यानं.” मग त्या एकदम थांबल्या. पिशवीतून साप्ताहिकातल्या लेखाची प्रत काढली आणि तारीख बघितली. “बाई, हा लेख मे महिन्यातला आहे. त्याच वर्षीचा. आणि वाक्य फेब्रुवारीतलं. शब्द न् शब्द तेच! म्हणजे साप्ताहिकवाल्यानं इथूनच उचललं, आणि इथल्या लोकांनी मग त्याचाच पुरावा लावला? अंडं म्हणतं मी कोंबडीचं, कोंबडी म्हणते मी अंड्याची, आणि मधल्या मधे माझा बाप झोपला?”

“हो,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

“मग आता वाक्य काढता येईल ना?”

“येईल. बहुतेक येईल.”

“मला हा दंतकथा भेटायला हवा.”

“भेटून काय करणार?”

“विचारणार. तुला कुणी सांगितलं, एवढंच. भांडणार नाही.”

बाई पाणी पिऊन येते म्हणून उठल्या त्या खाली जाऊन पाच मिनिटं पाण्याच्या नळापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. नळ सोडलाच नाही.

त्यांना आता सगळं आठवलं होतं. ज्ञानकोशातला त्यांचा तो पहिलाच आठवडा. प्रयोगशाळेत मापं पोचवायला एक म्हातारा यायचा. टाकीवर बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, टाकीवाला झोपला होता म्हणे. तेवढंच. बाईंनी त्यातलं ‘म्हणे’ काढून टाकलं आणि वाक्य बनवलं. प्लॅस्टर घट्ट व्हायच्या आत. गंमत म्हणजे तो व्हॉल्व्हमन कोण, जिवंत आहे की नाही, त्याला पोरंबाळं आहेत का, हा विचार मनात आलाच नव्हता. वाक्य वाचायला बरं वाटलं, एवढंच कारण.

घरी जाऊन त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमानांनी पेन्सिल खाली ठेवली. “वाक्य निघणार आहे ना? मग झालं की. ते जुनं खातं तुझं होतं हे माझ्याखेरीज कुणाला माहीत आहे?”

“मला माहीत आहे ना.”

“अगं, तिच्या वडिलांचं नाव साफ होतंय. तू कशाला चिखलात उडी मारतेस?”

यजमानांचं म्हणणं बाईंना पटत होतं, आणि ते पटतंय याचाच त्यांना राग येत होता.

नुसतं वाक्य काढून भागणार नव्हतं. काढलं तरी कुजबुज होतीच, पन्नास वर्षांची. खरं काय घडलं ते सापडायला हवं होतं. सोमवारी त्या वाचनालयात गेल्या आणि गावासंबंधीच्या जुन्या कागदांचं लोखंडी कपाट उघडून मागितलं. ग्रंथपाल म्हणाले, त्याची यादी कुणीच केलेली नाही, हात काळे होतील. होऊ देत, म्हणाल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला. जत्रा नाही की उत्सव नाही, नुसत्या गटारांच्या निविदा आणि वृक्षारोपणाची भाषणं. बुधवारी एक गठ्ठा सोडताना बाईंच्या मनात आलं: देवा, तो माणूस खरंच झोपलेला असू दे. म्हणजे मी चुकले नव्हते असं तरी होईल.

आणि त्या तशाच थांबल्या. आपल्या मनात हे काय आलं? एक भली बाई सात शनिवार आपल्याकडे शिकायला आली, आणि आपण तिच्या बापानं झोपलेलं असावं म्हणून देवाला साकडं घालतोय? स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. तिथंच, धुळीनं काळ्या झालेल्या हातांनी, त्यांनी ठरवलं. काही सापडो न सापडो, शनिवारी सांगायचं.

गुरुवारी दुपारी सापडलं. पिवळं पडलेलं छापील पुस्तक, चौसष्ट पानांचं: टाकीच्या दुर्घटनेच्या चौकशी समितीचा अहवाल. बाईंनी उभ्या उभ्याच चाळलं. पान एक्केचाळीसवर आल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्या. तेच पान चारदा वाचलं. ग्रंथपालांनी विचारलं, बाई, बरं वाटत नाही का? बाई म्हणाल्या, “फार बरं वाटतंय हो,” आणि चष्मा पुसायला लागल्या.

शनिवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना ताई आल्या. बाईंच्या पिशवीत अहवाल होता. आधी अहवाल दाखवावा, ताई खूश होतील, त्या खुशीत आपलंही उरकून टाकावं, असा एक विचार सकाळपासून त्यांना छळत होता. तो त्यांनी बाजूला सारला. आधी कडू.

“ताई, दंतकथा मी आहे.”

ताईंना कळलंच नाही. “म्हणजे?”

“ते माझं जुनं खातं. ते वाक्य मी लिहिलं. गेल्या शनिवारी बघितल्यावर आठवलं, तोवर मला खरंच आठवत नव्हतं. पण त्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसून गप्प राहिले. आणि त्याआधी तीनदा ते परत लावलं, तेही मीच.”

ताईंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“मापं पोचवणाऱ्या एका माणसानं. तोही म्हणाला होता ‘म्हणे’.”

“तुम्ही ओळखत होतात माझ्या वडिलांना?”

“नाही.”

“आणि मला म्हणालात, वडिलांचा शब्द संदर्भ होत नाही.”

ताईंनी पिशवी उचलली आणि त्या निघाल्या. जोरात नाही, दार आपटून नाही, शिवणाच्या यंत्रावरून उठावं तशा उठल्या आणि जिना उतरायला लागल्या. कवळीबाई क्षणभर बसून राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की अहवाल तर पिशवीतच आहे.

गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना कसा उतरू नये याचं ते प्रात्यक्षिक होतं. “अहो ताई! थांबा! पान एक्केचाळीस!” बाई ओरडत होत्या. खाली वाचत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. वाचनालयात शांतता राखा या पाटीखालीच हे चाललं होतं, आणि ग्रंथपालांनी बघूनही काही न बघितल्यासारखं केलं. मधल्या वळणावर ताई थांबल्या. बाईंनी धापा टाकत पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. “माझ्याशी बोलू नका हवं तर. पण हे वाचा.”

ताईंनी वाचलं. व्हॉल्व्हमनच्या वहीत रात्री दहापासून दर तासाची पाण्याची पातळी लिहिलेली आढळली, असं समितीनं नोंदवलं होतं. शेवटची नोंद वेळेच्या आधी केलेली होती, पहाटे पावणेपाचची, आणि ती समितीनं जशीच्या तशी छापली होती: ‘उत्तरेकडून पाझर वाढला. व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांकडे निरोप धाडला.’ साहेब आले नाहीत. भिंतीतल्या सळ्या गंजलेल्या होत्या. पाच वाजून दहा मिनिटांनी भिंत फुटली.

“निरोप धाडला,” ताई हळूच म्हणाल्या. “ते कधीच पाठवला म्हणायचे नाहीत. नेहमी धाडला. आम्ही चिडवायचो त्यांना.” त्या पायरीवरच बसल्या आणि पुस्तक मांडीवर ठेवून रडल्या. पन्नास वर्षांचं रडू होतं, आणि तरी त्यात दुःख थोडंच होतं. बाई शेजारच्या पायरीवर बसल्या. खांद्यावर हात ठेवावा की नाही ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ताईंची पिशवी मांडीवर घेतली आणि ती धरून बसल्या.

बऱ्याच वेळानं ताईंनी डोळे पुसले. “जागे होते.”

“हो. जागेच होते.”

“बाई, मला तुमचा राग आलाय.”

“यायलाच हवा.”

“पण तो नंतर. आज वेळ नाही. चला वर, हे लिहू.”

वर गेल्यावर नवीनच पंचाईत. लिहिणार कोण? ताई मुलगी, म्हणजे नियमाप्रमाणे त्यांनी लेखाला हात लावायचा नाही. आणि मूळ वाक्य बाईंचंच, शिवाय तीनदा राखलेलं, तेव्हा त्यांनीही आता बाजूला व्हावं हेच शोभणार. एक शिकवणारी, एक शिकणारी, समोर दोन कॉम्प्युटर, हातात पुरावा, आणि दोघींनाही मनाई. ताईंना हसू आलं. “हा नियम कुणी केला हो?”

“माझ्यासारख्याच कुणीतरी,” बाई म्हणाल्या.

शेवटी लेखाच्या चर्चापानावर विनंती टाकायचं ठरलं, म्हणजे कुणी तिऱ्हाइतानं बघून बदल करावा. ताईंनी आपली बाजू लिहिली: मी त्यांची मुलगी आहे, म्हणून स्वतः बदलत नाही. खाली बाईंनी लिहिलं: ‘हे वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी दंतकथा या खात्यावरून, ऐकीव माहितीवर, संदर्भ न देता घातलं. साप्ताहिकानं ते इथून घेतलं. चूक माझी आहे.’ खाली सही, पक्का साचा. सतरा हजार बदलांत असं वाक्य त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. बटण दाबलं आणि त्यांना तिथल्या तिथे भूक लागली.

बुधवारी परगावच्या कुणा संपादकानं पान एक्केचाळीस बघायला मागितलं. ग्रंथपालांनी त्याचा फोटो काढून दिला. टोमणे आले का? आले की. दोघांनी मारले, आणि एकानं तर ‘दंतकथा नकोत असं मी तेव्हाच म्हणालो होतो’ असं लिहिलं. बाईंनी वाचलं आणि यजमानांना म्हणाल्या, खरंच म्हणाला होता हो. यजमान शब्दकोड्यातून मान वर करून बघत राहिले. बायको टोमणा वाचून हसते आहे हे त्यांना नवीन होतं.

शनिवारी दोघींनी लेख उघडला तेव्हा बदल झालेला होता. जुनं वाक्य गेलं होतं. त्या जागी होतं: ‘चौकशी अहवालानुसार व्हॉल्व्हमन जागा होता, त्याने पहाटे पावणेपाच वाजता व्हॉल्व्ह बंद करून वरिष्ठांना पाझराची सूचना दिली होती. गंजलेल्या सळ्यांमुळे भिंत फुटली.’

ताईंनी एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं. मग वाक्याच्या शेवटी बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “बाई, इथं आकडा नाही.”

“कसला?”

“संदर्भाचा. अहवाल म्हणतोय, पण कुठला अहवाल, कितवं पान, काहीच नाही.”

“राहू द्या हो,” बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. “आज तरी राहू द्या. वाक्य खरं आहे ना?”

“राहू द्या कसं? उद्या कुणी तुमच्यासारखी येईल आणि पुसून टाकेल. म्हणेल मुलीनंच घातलं.” आणि ताईंनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, चर्चापानावर लिहिलं: ‘संदर्भ जोडावा. पान ४१.’ मग सही केली.

आकडा यायला तीन तास लागले. ग्रंथपालांना जेवायला जायचं होतं, पण ते किल्ली हातात घेऊन दारापाशी उभे राहिले आणि दोघींना उठा म्हणाले नाहीत. वाक्याच्या शेवटी, किंचित वर, छोटासा पाच उमटला तशी बाईंनी ताईंच्या हातावर थाप मारली. ताईंनी घरी फोन लावला. नातीला म्हणाल्या, तो टाकीचा लेख पुन्हा उघड आणि मला वाचून दाखव. आणि ऐक, तो माणूस तुझा पणजोबा होता, माझे वडील.

पलीकडे पोरीनं वाचायला सुरुवात केली. शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून. फोन दोघींच्या मधे टेबलावर ठेवलेला होता. जागा होता, असं पोर म्हणाली तेव्हा बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. वाक्य संपलं आणि पोर थांबली.

“आजी, पुढे कंसात एक छोटा पाच आहे. तो पण वाचू?”

“तो तर आधी वाच,” ताई म्हणाल्या.